मैदानाबाहेरची शिट्टी



आज तुम्हाला आमच्या डोंगरावरची एक खरी गोष्ट सांगणार आहे. या गोष्टीत दोघांनी चूक केली. एक पाचवीतला मुलगा, आणि दुसरी मी, त्याची बाई. मुलाची चूक लहान होती, माझी मोठी. ती कशी, हे शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा.

आमचा डोंगर तुम्हाला ठाऊक आहेच. कोल्हापूरपासून १७-१८ किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरी नावाचं गाव आहे. पण या नावानं पत्ता विचारलात तर समोरचा माणूस क्षणभर विचारात पडेल. 'जोतिबा' म्हणालात, की लगेच बोट दाखवेल! चैत्रातल्या यात्रेला इथं उंच उंच सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो आणि गुलालानं सगळा डोंगर गुलाबी होऊन जातो. एरवीही दर रविवारी भाविकांची गर्दी असतेच. देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर नारळ, गुलाल, खोबरं विकणारी माणसं ओळीनं बसलेली असतात. त्यात एक आजी आहेत. त्यांचं दुकान म्हणजे एक बुट्टी, एक पोतं आणि डोक्यावर पदर. बस्स, एवढंच.

आता आमच्या कर्णधाराविषयी. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला 'कर्णधार'च म्हणू. पोरगा कबड्डीत असा तयार, की चढाईला गेला म्हणजे एक-दोन गडी टिपल्याशिवाय माघारी यायचा नाही. त्याच्याच जोरावर आदल्या वर्षी लहान गटाची केंद्राची ढाल आमच्या शाळेत आली होती. शिपाईमामांपासून सरपंचांपर्यंत सगळे त्याला नावानं ओळखायचे. 'काय पैलवान!' म्हणून पाठीवर थाप मारायचे. कौतुक कुणाला नको असतं? पण कौतुकाचंही अजीर्ण होतं, बरं का!

एका रविवारी सराव संपवून चार-पाच मुलं देवळाच्या वाटेनं निघाली. कर्णधारानं जाता जाता आजींच्या बुट्टीतला खोबऱ्याचा तुकडा उचलला. आजी म्हणाल्या, "बाळा, पैसं दे की." तो हसला आणि त्यानं आणखी एक तुकडा उचलला. आजींनी हात धरला, तशी त्यानं बुट्टीला लाथ मारली. खोबरं पायऱ्यांवरून घरंगळत गेलं. मुलं हसत पळाली.

सोमवारी मला हे एका मुलीनं सांगितलं. मी कर्णधाराला बोलावून घेतलं. त्यानं मान खाली घालून कबूलही केलं. आणि मी काय केलं असेल? "पुन्हा असं करायचं नाही हं," एवढं बोलून त्याला वर्गात पाठवून दिलं. कारण गुरुवारी केंद्राचे सामने होते. तो नसता तर ढाल गेली असती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात तेच होतं.

गुरुवारी आम्ही जिंकलो. ढाल घेऊन गावात आलो. हलगी वाजत होती, गुलाल उधळला जात होता आणि कर्णधार एका मोठ्या मुलाच्या खांद्यावर बसला होता. मिरवणूक देवळाच्या वाटेला लागली. तिथं त्या आजी बसलेल्या होत्या. आमचा घोळका जवळ येताना पाहून त्यांनी घाईघाईनं आपली बुट्टी मागं ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी पदराखाली झाकून धरली.

मुलांनो, हलगी वाजतच होती, पण मला ती ऐकू येईना. त्या बाईंच्या दृष्टीनं आम्ही जिंकून आलेली शाळा नव्हतो. आम्ही बुट्टी लाथाडणारी पोरं होतो, आणि त्या पोरांना पाठीशी घालणारी मी होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हा विषय काढला. कर्णधाराला आधीच सांगितलं होतं, "तुझ्या वागण्याबद्दल बोलणार आहे, आणि माझ्याही." मी माझी चूक आधी कबूल केली. वर्ग एकदम गप्प झाला. मग ज्या मुलीनं ही गोष्ट सांगितली होती, तीच उभी राहिली. "बाई, मैदानात कुणाला लाथ मारली तर पंच शिट्टी वाजवतात. मैदानाबाहेर मारली तर शिट्टी कोण वाजवायची?"

प्रश्न लहान मुलीचा, पण मोठमोठ्यांना न सुटलेला! तो आमच्या कबड्डीपुरता नाही. ज्यांची छायाचित्रं तुम्ही वहीत चिकटवता, ज्यांच्यासारखे केस कापून घेता, त्या नावाजलेल्या खेळाडूंनाही तो लागू आहे. म्हणून आज त्याच्याविषयी बोलू.

मैदानातलं सोपं असतं. २०२५ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट घ्या. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. निकाल पटला नाही म्हणून शिवराज राक्षे या पैलवानानं पंचांना लाथ मारली. अंतिम कुस्तीच्या वेळी महेंद्र गायकवाड हा पैलवानही पंचांशी वाद घालून, कुस्ती अर्धवट सोडून निघून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. हे हजारो लोकांसमोर आणि पंचांसमोर घडलं, म्हणून लगेच निर्णय झाला. पण खेळाडू घरी, रस्त्यावर, हॉटेलात, टीव्हीच्या कार्यक्रमात असतो तेव्हा काय? तिथं पंच नसतो, रेषा आखलेली नसते. म्हणून काय वाटेल ते चालतं का?

२०१९ सालचा एक प्रसंग तुमच्या आईबाबांना आठवत असेल. हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल हे भारताचे दोन क्रिकेटपटू टीव्हीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात गेले. ६ जानेवारीला तो कार्यक्रम दाखवला गेला. त्यात मुलींबद्दल आणि बायकांबद्दल हलकं, फुशारकीचं बोलणं झालं, विशेषतः हार्दिककडून. देशभर लोकांनी नापसंती दाखवली. काही जण म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? खेळतात चांगलं ना!" पण क्रिकेट मंडळाचा कारभार तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीकडे होता. तिनं ११ जानेवारीला दोघांना निलंबित केलं. संघ ऑस्ट्रेलियात होता आणि दुसऱ्याच दिवशी एकदिवसीय सामन्यांची मालिका सुरू व्हायची होती. दोघांना तिथून घरी परत पाठवण्यात आलं.

विचार करा, देशाची जर्सी अंगात घालायची वेळ आली असताना विमानात बसून घरी यायचं! चेंडू चुकला म्हणून नाही, झेल सुटला म्हणून नाही, तर तोंड सुटलं म्हणून.

दोघांनी माफी मागितली. दोन आठवड्यांनी निलंबन उठवलं, पण चौकशी थांबली नाही. मंडळाचे लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि एप्रिल २०१९ मध्ये निर्णय दिला. प्रत्येकी २० लाख रुपये दंड. हा दंड मंडळाच्या तिजोरीत गेला नाही. निमलष्करी दलांतले जे शिपाई कर्तव्य बजावताना मरण पावले, त्यांच्यापैकी दहा जणांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख द्यायचे, आणि उरलेले दहा लाख अंध खेळाडूंच्या क्रिकेटसाठी द्यायचे, असं ठरलं. मला हा निर्णय फार आवडला. बायकांचा अपमान होईल असं बोलणाऱ्यांनी, एकट्यानं घर चालवणाऱ्या बायकांना मदत करायची! शिक्षा अशी असावी, की तिनं कुणाचं तरी भलं व्हावं.

आणि पुढं? दोघं पुन्हा संघात आले. राहुलनं पुढं भारताचं नेतृत्वही केलं. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात होता. भारत सात धावांनी जिंकला. म्हणजे जाब विचारला म्हणून खेळाडू संपला नाही. चूक, जाब, शिक्षा आणि मग परतीची वाट, अशा चारही पायऱ्या इथं दिसतात.

एक विलायतेतलं उदाहरण सांगते. इंग्लंडचा बेन स्टोक्स २०१७ सालच्या सप्टेंबरात ब्रिस्टल शहरात रात्री रस्त्यावरच्या मारामारीत सापडला. पोलीस चौकशी सुरू झाली आणि त्या हिवाळ्यातली ऑस्ट्रेलियातली ॲशेस मालिका त्याला मुकावी लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. इथं प्रकरण संपलं असं तुम्हाला वाटेल. पण क्रिकेटच्या शिस्त समितीनं त्याची वेगळी चौकशी केली. खेळाची प्रतिष्ठा कमी झाली, म्हणून ३० हजार पौंड दंड आणि आठ सामन्यांची बंदी अशी शिक्षा सांगितली. तेवढे सामने तो आधीच बाहेर बसला होता, म्हणून बंदी भोगून झाली असं मानलं गेलं.

मुलांनी विचारलं, "बाई, कोर्टानं सोडलं तर परत शिक्षा कशाला?" चांगला प्रश्न. कोर्ट पाहतं, कायदा मोडला का. खेळाची संस्था पाहते, आपल्या खेळाडूला शोभेल असं वागणं झालं का. शाळेचंच बघा ना. वर्गात मित्राला टोपणनावानं चिडवलं तर पोलीस येत नाहीत. पण बाई विचारतातच!

आता एक अवघड गोष्ट. आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर 'आमचे आदर्श' असा फलक होता. त्यावर कुस्तीगीर सुशीलकुमारचं छायाचित्र होतं. कुस्तीच्या मुलखात ते असणारच. २००८ ला बीजिंगमध्ये कांस्य, २०१२ ला लंडनमध्ये रौप्य. स्वतंत्र भारतासाठी ऑलिंपिकमध्ये दोन वैयक्तिक पदकं मिळवणारा तो पहिला खेळाडू. पण ४ मे २०२१ च्या रात्री दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मारहाण झाली आणि तीत सागर धनखड हा तरुण कुस्तीगीर जिवाला मुकला. या प्रकरणी त्याच महिन्यात सुशीलकुमारला अटक झाली. ज्या रेल्वेत तो अधिकारी होता, तिनं त्याला निलंबित केलं.

एका मुलाला हे त्याच्या मोठ्या भावाकडून कळलं होतं. त्यानं त्या दिवशी विचारलं, "बाई, मग ह्यो फोटो काढायचा का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आरोप होणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. ते न्यायालय ठरवील. तुम्ही-आम्ही चावडीवर बसून 'यानं केलंच' असा निकाल द्यायचा नाही. आणि दुसरी गोष्ट, एका आईबापांचा मुलगा परत आला नाही. 'पदकं आणलीत की, जाऊ दे' असं म्हणूनही चालणार नाही. मग करायचं काय?

वर्गात बराच वेळ चर्चा झाली. शेवटी छायाचित्र तिथंच राहिलं, कारण पदकं खरी आहेत, ती कुणी पुसू शकत नाही. पण फलकावरचं नाव मुलांनी बदललं. 'आमचे आदर्श' काढून 'यांचा खेळ पाहा' असं लिहिलं. आदर्श म्हणायला नुसता खेळ पुरत नाही, हे पाचवीच्या मुलांना कळलं. ते मला आधी कळायला हवं होतं.

खरं म्हणजे आमच्या कोल्हापूरला हे नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं. गल्लोगल्ली तालमी होत्या, मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी यांची नावं आजही आदरानं घेतात. तालमीत वस्ताद असत. वस्ताद नुसते डाव शिकवत नसत. पहाटे उठणं, लवकर झोपणं, व्यसनाला न शिवणं, बाहेर कुणावर हात न उगारणं, हे सगळं त्यांच्या नजरेखाली असे. पैलवान रस्त्यानं चालला तरी तो अमक्या तालमीचा म्हणूनच चालायचा. त्यानं वाकडं पाऊल टाकलं तर नाव तालमीचं जायचं. अंगात बळ आलं की ते आवरायलाही शिकवावं लागतं, हे त्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे मैदानाबाहेरची शिट्टी वस्तादांच्या गळ्यात होती!

खाशाबा जाधवांची गोष्ट यासाठीच सांगाविशी वाटते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकसाठी जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी गोळा झाली. प्राचार्य खर्डेकरांनी तर आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावानं शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. हे सगळे सांगतात. पण त्यानंतरचं मला जास्त मोठं वाटतं. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांची रक्कम फेडली. पदकाच्या बदल्यात कर्ज माफ करा, असं ते म्हणाले नाहीत. मॅटवर कांस्य, आणि मॅटबाहेर? तिथलं पदक तुम्हीच ठरवा.

आणि आपला सचिन? त्यालाही एकदा लोकांनी विचारलंच. २००२ मध्ये त्यानं सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीनं त्याला फेरारी मोटार भेट दिली. ती भारतात आणायची तर एक कोटीहून जास्त आयात कर भरावा लागणार होता. सरकारनं तो माफ केला. तेव्हा लोक म्हणाले, "आम्ही कर भरायचा आणि ज्याच्यापाशी भरपूर आहे त्याला माफी, हे कसं?" प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. अखेर तो कर कंपनीनं भरला. सचिनवर सगळ्यांचं प्रेम होतं, तरी प्रश्न विचारला गेला. प्रेम आहे म्हणून विचारायचं नाही, असं थोडंच आहे? घरात आई सगळ्यात जास्त कुणाला विचारते?

त्याच सचिननं तंबाखूची जाहिरात कधी केली नाही. वडिलांना, म्हणजे कवी रमेश तेंडुलकरांना, त्यानं तसा शब्द दिला होता. असं वागायला त्याला कुठल्या पंचानं लावलं नव्हतं. ती शिट्टी त्याच्या मनातच होती.

कुणी म्हणेल, खेळाडूंनाच एवढे नियम का? ती काय माणसं नाहीत? आहेत ना! चुका त्यांच्याही होणार. पण त्यांना आपण टाळ्या देतो, त्यांचं नाव दुधाच्या पावडरीपासून दुचाकीपर्यंत सगळं विकतं, आणि मुख्य म्हणजे तुम्ही त्यांच्यासारखं करता. नळावर भांडताना आमच्या शाळेतला एखादा पोरगा टीव्हीवर पाहिलेल्या खेळाडूसारखीच मान उडवतो आणि शिवीही तशीच देतो! ज्याचं पाहून हजार जण शिकतात, त्यानं पाऊल जपून टाकायला नको का?

मात्र जाब विचारणं वेगळं आणि हुर्यो उडवणं वेगळं. २०२४ च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सनं रोहित शर्माच्या जागी हार्दिकला कर्णधार केलं. १ एप्रिलला वानखेडेवर सामना होता. नाणेफेकीला हार्दिक आला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. हार्दिकनं त्या वेळी काय गुन्हा केला होता? काहीच नाही. कर्णधार बदलण्याचा निर्णय संघमालकांचा होता. २०१९ मध्ये त्याच खेळाडूला विचारलं ते रास्त होतं, २०२४ मध्ये त्याची टर उडवली ती चूक होती. मैदानाबाहेरची शिस्त खेळाडूला हवी तशी प्रेक्षकालाही हवी. गर्दीत आवाज मिसळला की आपला आवाज कुणाचा ते कळत नाही, म्हणून काहीही ओरडायचं का?

तर आमच्या वर्गानं फळ्यावर चार प्रश्न लिहिले. खेळाडू मोठा असो की छोटा, त्याच्याबद्दल काही ऐकलं की हे प्रश्न विचारायचे, असं ठरलं.

१. नक्की काय घडलं? दोन्ही बाजू ऐकल्या का?

२. हाच नियम कच्च्या खेळाडूलाही लावला असता का?

३. ज्याला त्रास झाला, त्याला कुणी विचारलं का?

४. चूक सुधारून परत यायला वाट ठेवली का?

तिसरा प्रश्न लिहिल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आजींना कुणीच विचारलं नव्हतं. कर्णधाराला मी बोलले, वर्गाशी बोलले, मनातल्या मनात स्वतःशीही बोलले. आजी तशाच राहिल्या होत्या.

त्या रविवारी कर्णधार आणि मी, आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. त्यानं साठवलेल्या पैशांतून खोबऱ्याचे पैसे दिले आणि "चुकलो आजी," म्हणाला. मीही हात जोडले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरगं हाय, चुकतंय. पर कुणीतरी इचाराय आलासा, ह्येच लई झालं बघा. आमाला कोण इचारतंय?"

तालुक्याच्या सामन्यांना अजून आठवडा होता. त्याला पहिल्या सामन्यात बाहेर बसवायचं, असं वर्गानं ठरवलं. त्यानं ते मानलं, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सामन्याच्या दिवशी तो रेषेबाहेर बसून पाण्याची बाटली देत होता. आम्ही तो सामना चार गुणांनी हरलो. पहिल्याच सामन्यात बाहेर पडलो, म्हणजे त्याला खेळायला मिळालंच नाही. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी काही पालक शाळेत आले. "एवढ्याशा खोबऱ्यापायी शाळेचं नाव घालवलंसा बाई," म्हणाले. कर्णधाराचे वडील काहीच न बोलता गेले. ते जास्त लागलं.

मी त्या पालकांना दोष देत नाही. सोमवारी त्याला मुकाट्यानं वर्गात पाठवणारी मीच होते. तेव्हाच केंद्राच्या एका सामन्याला त्याला बसवलं असतं, तर सगळ्यांना कमी लागलं असतं. चुकीचा हिशेब जेवढा लांबवावा तेवढं व्याज वाढतं. मोठ्या खेळाडूंचंही असंच होत असेल. ती एका दिवसात बिघडत नाहीत. कुठल्या तरी शाळेत, कुठल्या तरी मैदानावर, कुणीतरी बाई किंवा सर म्हणतात, "जाऊ दे, गुरुवारी सामना आहे."

म्हणून आईबाबांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी सामना खेळून आली की 'जिंकलात का?' हे विचारा, जरूर विचारा. पण त्याबरोबर 'हरलेल्या मुलांशी हात मिळवलास का? पंचांना नमस्कार केलास का?' हेही विचारत जा. मुलं लक्षात ठेवतात आपण काय विचारतो ते.

कर्णधार आता सहावीत आहे आणि अजूनही कबड्डी खेळतो. रविवारी सकाळी आजींची बुट्टी एका हाताला धरून पायऱ्यांपर्यंत नेऊन देतो. हे त्याला कुणी शिक्षा म्हणून सांगितलेलं नाही. तो का करतो, हे मी विचारलेलं नाही. प्रत्येक गोष्ट बाईंनी विचारायलाच हवी असं नाही!

आता तुमची पाळी. तुमचा आवडता खेळाडू कोण? त्याचा खेळ आवडतो की वागणं, की दोन्ही? आणि तुमच्या संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूनं आजींची बुट्टी लाथाडली असती, तर तुम्ही त्याला सामन्याला बसवलं असतं का? अगदी अंतिम सामन्यालासुद्धा? खरं खरं लिहा, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. तुमच्या पत्रांची वाट पाहते.

तुमची,
डोंगरावरची बाई